म्हातारी आणि बादली

कप्तान तो कधीच नव्हता. मुंबईला हौशी लोकांच्या शिडाच्या नावा उभ्या असतात, तिथं त्यानं उभी जिंदगी नोकरी केली. नावा धुवायच्या, फटी बुजवायच्या, रंग मारायचा, शिडं वाळत घालायची. हुकूम सोडणारे दुसरे, ऐकणारा हा. पण म्हातारपणी गावाकडं परत आला तो खाकी अर्धी चड्डी, पांढरी टोपी आणि मागं ट्रकवर अख्खी नाव घेऊन. अशा माणसाला लोहा तालुक्यात दुसरं काय म्हणणार? आधी पोरंसोरं कप्तान म्हणू लागली, मग म्हातारेही. खरं नाव शेवटी रेशनकार्डापुरतं उरलं.

तो ट्रक आला तेव्हा लोकांना वाटलं सर्कस आली. लाकडी नाव, वर बसकं छप्पर, छपराला काचेच्या बारीक खिडक्या, आत दोन माणसं झोपतील एवढी जागा आणि चूल मांडायला कोपरा. कुणा हौशी म्हाताऱ्यानं मोडीत काढली होती, ती ह्यानं मागून घेतली. आमच्या बांधाखाली धरणाचं पाणी लागतं, तिथं ट्रॅक्टरला दोर बांधून ती उतारावरून सोडली. माझी बायको हळद-कुंकवाचं ताट घेऊन गेली आणि नवा बैल दावणीला आल्यावर ओवाळतात तसं तिनं त्या लाकडाला ओवाळलं. कप्तानानं नावेचा दोर माझ्या बाभळीला बांधला. मला विचारलंसुद्धा नाही.

"अरे, बाभळ माझी हाय," मी म्हणलं.

"दाजी, बहिणीच्या बांधाला बांधायला परवानगी कसली?"

बहीण म्हणजे माझी बायको. रक्ताचं नातं नव्हतं, एका गावचे दोघं. ते गाव आता धरणात आहे. तिला सख्खा भाऊ नाही, आईबाप कधीच गेले, चुलते-बिलते कुणी नांदेडला, कुणी लातूरला पांगले. गाव बुडाल्यापासून तिला माहेर म्हणून उरला तो हा एकटा कप्तान. ती त्याला दादा म्हणायची, तो तिला बाई म्हणायचा.

तिला जाऊन दुसरं वर्ष चाललंय. कप्तान ह्या उन्हाळ्यात गेला. त्याचं लिहायला बसलो की तिचं येतंच. कुणाला खटकलं तर खटको.

त्याच्या तऱ्हा एक का दोन. नावेत चढताना चप्पल काठावर काढून आधी उजवा पाय ठेवायचा, देवळात ठेवतात तसा. उन्हाळ्यात पाणी ओसरलं आणि नाव कोरडी पडली की तिच्या फळ्या उकलायच्या. मग हा तिच्यावर ओली पोती टाकून सकाळ-संध्याकाळ घागरीनं पाणी ओतायचा. गाडीची चाकं उन्हाळ्यात खिळखिळी झाली की आपण नदीत बुडवून ठेवायचो, लाकूड फुगून सांधे घट्ट व्हायचे, तसंच हे. माणसाला प्यायला टँकर, आणि हा नावेला पाणी पाजतोय म्हणून सरपंच एकदा भांडायला आला. कप्तान म्हणाला, "माझ्या वाटणीचं पाजून राहिलोय. मी अंघोळ करत न्हाई." आणि खरंच करत नव्हता. जवळ बसलं की कळायचं.

शीड फाटलं तेव्हा लोह्याला मंडपवाल्याकडनं शिवून आणलं. त्यानं लग्नाच्या मंडपाचा लाल झालरीचा तुकडा ठिगळ म्हणून लावला. लांबून नाव येताना दिसली की वाटायचं, वऱ्हाड येतंय.

"बैलाचे दात बघावेत, नावेचं बूड," असं तो म्हणायचा. आणि दुसरं, "वारं फुकट हाय, पण फुकटात येत न्हाई." ह्याचा अर्थ मी एकदा विचारला. म्हणाला, "दाजी, तुम्ही पाण्यात पाय घालत न्हाई, तुम्हाला काय सांगावं?"

ते खरं होतं. मी कधी त्याच्या नावेत बसलो नाही. त्या पाण्याखाली माझी निम्मी काळी जमीन आहे. जी गोष्ट आपलं खाऊन बसली, तिच्यावर फिरायला काय जायचं?

मग त्याच्या पोरानं दुसरी नाव आणली. पोरगा पुण्याला नोकरीला. बापाची नाव गळते, एक दिवस म्हातारा बुडून मरेल, ह्या काळजीनं त्यानं ती आणली, वाईट मनानं नाही. फायबरची, पांढरीशुभ्र, आत गादीची बाकडी, बटण दाबलं की दिवा, सुकाणूला मोटारीसारखं चाक आणि छपराखाली कोपऱ्यात चक्क संडास.

कप्तान तिच्याभोवती दोन चकरा मारून आला. "नावेत संडास?" म्हणाला. "आपल्या गावात घरात बांधा म्हणून सायेब बोंबलून मेले, कुणी बांधला न्हाई. आन ह्यानं पाण्यात बांधला."

"बाबा, लोक आठ-आठ दिवस समुद्रात राहतात, त्यांच्यासाठी असतो."

"आन हे चाक? ट्रॅक्टर हाय का?"

त्या दिवसापासून तिचं नाव बादली पडलं, आणि जुनीचं आपोआप म्हातारी. दोन्ही शेजारी शेजारी, माझ्या एकाच बाभळीला बांधलेल्या. गावातल्या बायका त्यांना सासू-सून म्हणायच्या. आणि कप्तानाला आयुष्यभराचं काम मिळालं. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून विचारायचा, "खरं सांग, कोणती चांगली?" बादली म्हणणाऱ्याला चहा मिळायचा नाही. म्हातारी म्हणणाऱ्याला, कामून चांगली ते सांग, म्हणून तासभर बसवून ठेवायचा.

चहाची तर त्यानं परीक्षाच घेतली. स्टीलचे दोन पेले काठोकाठ भरून एक म्हातारीत ठेवला, एक बादलीत. लाट आली. बादली अशी उड्या मारायला लागली की निम्मा चहा गादीवर. म्हातारी नुसती कूस बदलल्यासारखी हलली, तिच्यातला थेंब सांडला नाही.

"वजन पायजे," कप्तान म्हणाला. "म्हातारी पाण्यात बसती. बादली पाण्यावर बसती."

"बाबा, वारं सुटलं की तुमची म्हातारी आधी अर्धा तास विचार करती," पोरगा म्हणाला. तेही खोटं नव्हतं. मंद वाऱ्यात बादली पाकोळीसारखी निघायची आणि म्हातारी जागच्या जागी करकरत राहायची.

एका दिवाळीला बापलेकांनी दोन्ही नावा एकदमच सोडल्या. बायको आणि मी बांधावर बसून बघत होतो. पोरगा मागून आला आणि ओरडला, "बाबा, बाजूला व्हा, मी आलो!"

"ये की! कुठं जायचंय एवढ्या घाईनं? धरण हाय, समुद्र न्हाई. पुढं जाऊन भिंतीलाच धडकशील!"

बादली सुळकन पुढं गेली. तेवढ्यात पोराचा फोन वाजला. त्यानं चाकावरचा हात काढून खिशात घातला, आणि बादलीनं तोंडच फिरवलं. शीड खालच्या आडव्या दांड्यासकट इकडचं तिकडं धाडकन आपटलं, पोरगा खाली बसला म्हणून डोकं वाचलं. कप्तानानं ते बघितलं आणि मुद्दाम सुकाणूचा दांडा सोडून दिला. दोन्ही हातांची ओंजळ करून बिडी पेटवली, सावकाश झुरका घेतला. म्हातारी आपली सरळ चालली होती, ओढ्याला जाणाऱ्या म्हशीसारखी.

"बघ! हिला बुडाखाली नाकापास्नं शेपटापर्यंत लाकडाचा कणा हाय. हात सोडला तरी वाट सोडत न्हाई. तुझ्या बादलीला नुसतं एक पातं."

"पण ते पातं दोरीनं वर ओढता येतं, बाबा. ओढलं की ही गुडघाभर पाण्यात बी जाती. तुमची म्हातारी गाळात बसली की काढायला ट्रॅक्टर लागतो."

"गुडघाभर पाण्यात म्हशी जातात. तिथं नाव कशाला न्यावी?" मग आम्हाला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाला, "ह्या बादलीचं शीड मी माझ्या हातानं चढवलं, तर ही टोपी डोक्यावर घालणार न्हाई!"

बायको हसत होती. "दादा येडा हाय," म्हणाली.

त्यानंतर तिचं पोटाचं दुखणं निघालं. नांदेडच्या दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. तिला काही आवडेना. एकच बोलायची, "पंचमीला माहेरी जाऊन येते."

"कुठलं माहेर?" मी म्हणायचो. "तिथं मासे राहतात."

"ऱ्हाऊ द्या. त्यांना बी भेटून येते."

पंचमीला लेकी माहेरी जातात, पण आपल्या पायानं जात नाहीत. माहेराहून मुराळी यावा लागतो, भाऊ नाहीतर भाच्यातला कुणी. तो दारात येऊन न्यायला आलो म्हणतो, सासरची माणसं त्याला जेवू घालून लेक पाठवतात. न बोलावता गेलेल्या लेकीला माहेरी मान नसतो. गाव बुडाल्यापासून माझ्या बायकोच्या दारात मुराळी आला नव्हता. शेजारणींचे यायचे, ही त्यांना पाणी नेऊन द्यायची.

त्या साली पंचमी जवळ आली तरी पाऊस नव्हता. पेरणी करपली, लोक आभाळाकडं बघून शिव्या देत होते. आणि ही अंथरुणावर खुशीत. "पाणी उतरलं असेल. आमचं दार वर आलं असेल. दारातलं उखळ वर आलं असेल." ते दगडी उखळ जमिनीत रोवलेलं होतं. गाव उठलं तेव्हा लोकांनी वासे नेले, चौकटी नेल्या, फरश्यासुद्धा नेल्या, उखळ तेवढं निघालं नाही.

चालत जायची सोय नव्हती. तिथं सगळा गाळ, माणूस कमरेपर्यंत रुततो. नावेनंच जायचं. कप्तान एका सकाळी कुणाला न सांगता म्हातारी घेऊन वाट बघायला गेला. गावाच्या बरंच अलीकडं म्हातारीचा कणा गाळात बसला. दिवसभर तो एकटा बांबू लावून ती ढकलत होता. दिवस मावळताना परत आला तेव्हा टोपीपर्यंत चिखल. बाभळीखाली बसला. मी पाण्याचा तांब्या दिला तर घेतला नाही.

"म्हातारी जात न्हाई," एवढंच म्हणाला. मी बादलीकडं बघितलं. त्यानं बघितलं नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी दारात खाकरल्याचा आवाज आला. बघतो तर कप्तान. धोतर नेसलेला, अंगात पांढरा सदरा, डोक्याला गुलाबी फेटा. आणि अंघोळ केलेली. हातात पिशवी, पिशवीत नारळ, खण आणि ज्वारीच्या लाह्या. मला वाटलं थट्टा करतोय. पण तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहून, रीतीनं बोलतात तसं म्हणाला, "दाजी, बहिणीला न्यायला आलोय. धाडता का?"

माझ्या आधी आतून तीच बोलली, "आधी जेवू घाला त्याला. मुराळी उपाशी काढायचा न्हाई."

घरात करणारं दुसरं कुणी नव्हतं. मी शिरा केला. खाली लागला. कप्तानानं मुकाट्यानं सगळा खाल्ला, वर म्हणाला, "दाजी, लई खरपूस झालाय." ती अंथरुणावरून हसली, आणि हसता हसता पोट धरलं.

"धाडतो," मी म्हणलं. "पण दिवस मावळायच्या आत आणून सोड."

मुराळ्याबरोबर नवरा जात नसतो. गाडी जुंपून तिला पाण्यापर्यंत नेलं आणि मी थांबलो. कप्तानानं तिला उचलून बादलीत ठेवलं, गादीच्या बाकड्यावर. मग दोरीला हात घातला आणि स्वतःच्या हातानं बादलीचं शीड चढवलं. माझ्याकडं बघून म्हणाला, "मुराळ्याला वाहन निवडता येत न्हाई, दाजी."

म्हातारी लांब दोरानं बाभळीला बांधलेली, काठाच्या चिखलात कलंडून एकटीच राहिली. मीही तिथंच बसलो. बसून बसून मी तिच्या बुडाकडं बघत होतो, बैलाचे दात बघावेत तसा. मला त्यातलं काही कळलं नाही.

पुढचं तिनं सांगितलेलं. उथळ पाणी आल्यावर दादानं पातं वर ओढलं. शीड उतरवलं, बांबूनं हळूहळू नाव रेटली. मारुतीचा चौथरा लागला, आडाचे दगड लागले. मग एका जागी दादानं नाव थांबवली आणि म्हणाला, "बाई, हात घाल." तिनं कडेवरून हात पाण्यात घातला. कोपरापर्यंत गेला आणि हाताला गोल कड लागली. उखळ.

"आत गाळ भरला होता," ती सांगत होती. "दादानं पालथं पडून हातानं सगळा काढला. फेटा भिजला त्याचा. मग मी लाह्या टाकल्या. आईच्या हाताखाली त्यात किती कांडलं म्हणून सांगू. कड तशीच हाय बगा, माझ्या बाजूनं झिजलेली."

आणि तिथंही ह्या माणसानं विचारलंच. "बाई, खरं सांग, कोणती चांगली?"

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हणलं, जाताना बादली चांगली. लवकर पोचवती आन दारापर्यंत नेती." मग म्हणाली, "पण येताना म्हातारी पायजे होती, हे बी सांगितलं त्याला."

"कामून?"

"हळू आली असती. माहेराहून येताना कुणाला घाई असती?"

दिवाळीच्या पुढं ती गेली. त्या पंचमीनंतर कप्तानाच्या डोक्यावर टोपी कुणी बघितली नाही. पांढरं टक्कल घेऊन उन्हात फिरायचा. पोरगा म्हणाला, बाबा, कोण बघतंय, घाला की. तर म्हणाला, मी बघतोय ना. तिच्या माघारी तो माझ्याकडं रोज यायचा, बाभळीखाली बसायचा, पण नावांचं बोलायचा नाही. कोणती चांगली हे विचारणंसुद्धा बंद झालं. आम्ही दोघं नुसते बसायचो. मला ते बरं वाटायचं. बाकीचे लोक येऊन समजावत होते.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. धरण भरलं, पाणी पार बाभळीच्या बुडाला आलं. पंचमीच्या आदल्या दिवशी मी ओसरीवर बसलो होतो. शेजारच्या घरी मुराळी आला होता, तिकडं पोरींचा कालवा चालला होता. मी आत जाऊन दार लावणार, तेवढ्यात खाकरल्याचा आवाज आला. धोतर, सदरा, गुलाबी फेटा, हातात पिशवी.

मला राग आला. "आता कुणाला न्यायला आलास?" मी म्हणलं. "घरात कोण हाय?"

"तुम्हाला न्यायला आलोय, दाजी."

"माझं कुठलं माहेर?"

"सासरवाडी हाय की तुमची. जावई सणाला सासरवाडीला येत न्हाई का?" आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. "येताना म्हातारी पायजे, म्हणाली होती बाई. तिचं तेवढं राहिलंय."

मी आत गेलो आणि शिरा केला. ह्या वेळी लागला नाही. तो म्हणाला, "मागच्या वर्षीचा चांगला होता."

बाभळीचा दोर त्यानं सोडला. मी चप्पल काठावर काढली. उजवा पाय आधी. म्हातारी करकरली, पण हलली नाही. बाक अरुंद, पाठ टेकायला नुसती फळी, तळाशी बोटभर पाणी. खाली माझी काळी जमीन होती. मी तिकडं बघितलं नाही. लाल ठिगळाचं शीड वाऱ्यानं फुगलं आणि बांध मागं सरकायला लागला.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "हेच." चारी बाजूंना नुसतं पाणी. काठावरच्या खुणा जुळवून जागा कशी ओळखायची ते त्यानं हात करून दाखवलं. तुमची बाभळ त्या टेकडीच्या टोकाखाली येती, आन तिकडं नव्या मारुतीचा कळस दोन लिंबांच्या मधी, की खाली तिचं दार. दोन-तीन परस पाणी असेल, माणसावर माणूस उभा केला तरी बुडेल एवढं. मी हात घातला. हाताला काही लागलं नाही, लागणार नव्हतंच. लाह्या सोडल्या. त्या तरंगत राहिल्या, बुडेनात. मी म्हणलं, चल आता.

नाव वळवल्यावर त्यानं सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला.

"अरे, मला येत न्हाई."

"काही करायचं न्हाई. नुसतं धरा. मला पुढं शीड बघायचंय."

शिडाला काही झालेलं नव्हतं. तरी तो पुढं गेला आणि माझ्याकडं पाठ करून डोलकाठीशी बसला. वारं होतं, पण म्हातारीला घाई नव्हती. आमचा बांध लांब, बारीक रेघेसारखा दिसत होता, आणि तिथं पोचल्यावर मला घरी जायचं होतं, आणि घरात कुणी नव्हतं. तिच्यामागं इतके महिने लोकांसमोर मी डोळ्यातून टिपूस काढला नव्हता. मी दांडा सोडला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

किती वेळ गेला ठाऊक नाही. कप्तानानं मागं वळून बघितलं नाही. सुकाणूवर कुणाचाच हात नव्हता. म्हातारी सरळ चालली होती, हळू.